लेबलची उचल की फॅन्सची आगाऊ ऑर्डर: मॅरिलियनचं प्रकरण

मॅरिलियन या ब्रिटिश रॉक बँडचं नाव काढलं की जुन्या रॉक ऐकणाऱ्यांना एकच गाणं आठवतं, 'केयली', आणि त्यात चूक काहीच नाही कारण १९८५ मध्ये ते ब्रिटनच्या चार्टवर २ नंबरला गेलं होतं आणि त्यानंतर तिकडे कितीतरी लोकांनी आपल्या मुलींची नावं केयली ठेवली. पण मला इथे जे प्रकरण मांडायचंय ते त्या गाण्याचं नाही. ते सुरू होतं त्यानंतर दहा वर्षांनी, जेव्हा ते गाणं गाणारा माणूस बँड सोडून कधीच गेलाय, रेकॉर्ड कंपनीनं हात वर केलेत, दर अल्बमला चार्टवरची जागा खाली खाली चाललीय, आणि पस्तिशी-चाळिशीतली पाच माणसं घरसंसार डोक्यावर घेऊन विचार करतायत की आता पुढे काय.

त्यांनी जे केलं त्याला आज क्राउडफंडिंग म्हणतात, म्हणजे खूप लोकांकडून थोडे थोडे पैसे आधीच जमवून काम करणं. तेव्हा हा शब्द नव्हता. असे पैसे जमवून देणारी वेबसाइट किकस्टार्टर २००९ ला आली, मॅरिलियनची गोष्ट १९९७ ची आहे, त्यामुळे जिथे जिथे क्राउडफंडिंगचा इतिहास लिहिला जातो तिथे पहिल्या परिच्छेदात हा बँड येतोच. आणि तिथेच मला खटकतं, कारण ती गोष्ट नेहमी अशी सांगतात की यांनी इंटरनेटवर पैसे मागितले आणि लोकांनी दिले. तसं झालंच नाही. पहिल्या वेळी तर त्यांनी मागितलेच नव्हते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात बदललं ते एकच, की आपण कुणाचे देणेकरी असायचं हे या माणसांनी बदललं. बाकी सगळं त्यातून आलं.

आधीची दहा वर्षं, थोडक्यात

लंडनपासून जवळच, बकिंगहॅमशायरमध्ये, एल्सबरी नावाचं बाजारपेठेचं गाव आहे. तिथे १९७९ मध्ये ड्रमर मिक पॉइंटरनं मित्रांबरोबर बँड काढला, टोल्किनच्या पुस्तकावरून नाव घेतलं सिल्मॅरिलियन, पुढे त्यातला 'सिल्' गळला आणि मॅरिलियन उरलं. गिटारवर स्टीव्ह रॉदरी आला, १९८१ मध्ये गायला फिश आला (खरं नाव डेरेक डिक, स्कॉटलंडचा, अंगापिंडानं दांडगा, चेहऱ्याला रंग फासून स्टेजवर यायचा), मग कीबोर्डवर मार्क केली, बेसवर पीट ट्रेवावस. वेळ मात्र उलटी होती. जेनेसिस, येस, किंग क्रिमसन यांचा लांबलचक, गुंतागुंतीच्या प्रोग्रेसिव्ह रॉकचा जमाना सत्तरच्या दशकातच सरला होता, पंक येऊन गेलं होतं, आणि वीस-वीस मिनिटांची गाणी करणं म्हणजे आऊटडेटेड असणं हे म्युझिक प्रेसनं ठरवून टाकलेलं. अशा वेळी या पोरांनी पहिल्याच सिंगलच्या मागच्या बाजूला 'ग्रेंडेल' नावाचं सतरा मिनिटांचं गाणं टाकलं. लंडनच्या मार्की क्लबमध्ये वाजवून वाजवून त्यांनी पब्लिक जमवलं होतं, त्या जोरावर ईएमआय या मोठ्या रेकॉर्ड कंपनीनं (अशा कंपनीलाच लेबल म्हणतात) १९८२ मध्ये साइन केलं होतं.

पुढचा चढ सरळ आहे. १९८३ चा 'स्क्रिप्ट फॉर अ जेस्टर्स टीअर' ७ नंबरला, १९८४ चा 'फ्यूगाझी' ५ ला, आणि १९८५ मध्ये बर्लिनच्या भिंतीजवळच्या हान्सा स्टुडिओत प्रोड्यूसर क्रिस किम्सीनं केलेला 'मिसप्लेस्ड चाइल्डहुड' थेट १ नंबरला. मधल्या काळात पॉइंटरला काढलं, दोन-तीन ड्रमर आले गेले आणि शेवटी इयन मोझली टिकला तो कायमचाच. १९८७ चा 'क्लचिंग ॲट स्ट्रॉज' २ नंबर. सतत टूर, दारू, मॅनेजमेंटवरून भांडणं, गाणी कुणाच्या मनासारखी व्हायची यावरून ताणाताणी, आणि १९८८ मध्ये फिश बाहेर पडला.

एखाद्या बँडचा चेहराच निघून गेला की बहुतेक वेळा बँड संपतो. यांच्याकडे स्टीव्ह हॉगार्थ आला. तो आधी दोन बँडमधून फिरून आलेला, संगीत सोडून दूधवाल्याचं काम धरावं असा विचार करत होता. भेटायला आला तेव्हा हातात प्लॅस्टिकची एक बादली, आणि त्यात त्याच्या कॅसेट आणि गाण्यांचे कागद. मला ही बादली फार आवडते. मोठ्या लेबलवरच्या, नंबर एक अल्बम दिलेल्या बँडकडे जायचं तर माणूस बॅग नीट भरून जातो, हा घरातली बादली उचलून गेला. त्यातल्या कल्पना पुढे खरंच गाण्यांत आल्या. १९८९ चा 'सीझन्स एंड' परत ७ नंबरला गेला आणि ज्यांना वाटत होतं आता संपले, त्यांना काही वर्षं तरी थांबावं लागलं.

'ब्रेव्ह' आणि उचलीचं गणित

१९९४ चा 'ब्रेव्ह' हा माझ्या मते त्यांचा सगळ्यात मोठा अल्बम, आणि धंद्याच्या दृष्टीनं त्यांची गाडी घसरली तीही तिथूनच. हॉगार्थनं कधीतरी रेडिओवर ऐकलं होतं की सेव्हर्न नदीच्या पुलावर एक मुलगी भटकताना सापडली, ती कोण कुठली काहीच बोलत नाहीये. त्या एका बातमीवर सत्तर मिनिटांची गोष्ट उभी केली. फ्रान्समधल्या एका जुन्या गढीत रेकॉर्डिंग, प्रोड्यूसर डेव्ह मीगन, जो एकेका आवाजासाठी दिवस घालवणारा. कंपनीला हवा होता झटपट आणि स्वस्तात झालेला अल्बम, मिळाला त्याच्या बरोबर उलटा.

त्याच्या व्हिनाइलची एक गंमत सांगतो. शेवटच्या बाजूवर दोन समांतर खाचा कोरल्या होत्या. सुई ठेवताना ती कुठल्या खाचेत पडेल त्यावर मुलीचं काय होतं ते ठरायचं. एका खाचेत ती वाचते आणि 'मेड अगेन' हे गाणं लागतं, दुसऱ्या खाचेत ते गाणं येतच नाही, नंतर नुसता पाण्याचा आवाज चालू राहतो. तुम्ही दोनदा तीच रेकॉर्ड लावली तर दोन वेगळे शेवट मिळू शकतात आणि कुठला मिळणार हे तुमच्या हातात नाही. आता कुठल्या कंपनीच्या हिशेबनिसाला हे पटणार? पण ऐकणाऱ्यांपैकी ज्यांच्या हाताखाली ती सुई वेगळ्या खाचेत पडली, ते लोक या बँडला आयुष्यभर सोडणार नव्हते, आणि पुढचं सगळं प्रकरण अशाच लोकांवर उभं आहे.

'ब्रेव्ह' १० नंबरला गेला, पुढच्या वर्षीचा 'अफ्रेड ऑफ सनलाइट' १६ ला, आणि ईएमआयनं करार संपवला.

इथे थोडं थांबून हे समजून घ्यायला पाहिजे की लेबल पैसे देतं म्हणजे नक्की काय करतं. आपल्याकडे ऊसतोड मजूर मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतो आणि मग तोडलेल्या उसातून ती फिटत राहते, कधी फिटते कधी पुढच्या हंगामावर जाते. मजुराच्या हालांची तुलना मला रॉकस्टारशी करायची नाही, ती होऊच शकत नाही, पण हिशेबाची रचना तीच आहे. लेबल ॲडव्हान्स देतं, रेकॉर्डिंगचा खर्च करतं, टूर तोट्यात गेली तर भर घालतं, आणि हे सगळं बँडच्या खात्यावर मांडलं जातं. मग अल्बम विकला की प्रत्येक प्रतीमागे बँडचा जो छोटा हिस्सा असतो त्यातून हे देणं वळतं करतात. लेबलचा मोठा हिस्सा त्या देण्यातून वजा होत नाही. आणि देणं पूर्ण फिटलं तरी मास्टर टेप, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, बहुतेक करारांत लेबलच्याच मालकीची राहते, म्हणजे घराचे हप्ते तुम्ही फेडले आणि घर मात्र बँकेचं.

समजा (हे आकडे नुसते समजण्यापुरते) एका प्रतीमागे बँडला १.२० पौंड मिळतात आणि अल्बमला १,००,००० पौंड खर्च आलाय. तर ८३,००० च्या वर प्रती विकल्या जाईपर्यंत बँडच्या खिशात एक पेनी येत नाही. आता तोच बँड १०-१० पौंडांना १२,००० प्रती थेट लोकांना विकतो, छपाई आणि पोस्टाचे ३ पौंड वजा केले तर हातात ८४,००० पौंड राहतात, तेही रेकॉर्डिंगच्या आधी, आणि मास्टर स्वतःचा. पहिल्या प्रकारात ८०,००० लोकांना आवडलेला बँड कर्जबाजारी ठरतो, दुसऱ्या प्रकारात १२,००० लोकांचा बँड पोट भरू शकतो. हे गणित १९९५ मध्ये कुणी मांडून बघितलंच नव्हतं कारण ते १२,००० लोक कुठे राहतात हे बँडला माहीत असायचं कारणच नव्हतं, गिऱ्हाईक लेबलचं, दुकान दुकानदाराचं.

१९९७: न मागितलेले पैसे

ईएमआयनंतर त्यांनी कॅसल कम्युनिकेशन्स या छोट्या लेबलशी तीन अल्बमचा करार केला. बजेट किती आटलं असेल ते समजू शकता. स्वतःच्याच रॅकेट क्लब नावाच्या जागेत, बकिंगहॅमशायरमध्ये, स्वतःच रेकॉर्डिंग करायला लागले. पहिला अल्बम 'धिस स्ट्रेंज एंजिन' १९९७ मध्ये आला. अमेरिकेची टूर करायची तर विमान, बस, क्रू, हॉटेल, सामानाची ने-आण, आणि तिकिटं सगळी विकली तरी एवढ्या लांबच्या टूरमध्ये तोटाच. आधी तो तोटा लेबल भरायचं आणि खात्यावर मांडायचं. आता भरणारंच कुणी नव्हतं.

त्या काळी फॅन्सची एक ईमेल मेलिंग लिस्ट होती. मार्क केली त्यावर गुपचूप वाचत असायचा, कीबोर्डवाला असल्यामुळे असेल पण कम्प्युटरची ओढ या बँडमध्ये त्यालाच होती. अमेरिकेतले फॅन विचारत होते कधी येताय, तर त्यानं लिहून टाकलं की आम्ही येऊ शकत नाही, टूर केली तर एवढा एवढा तोटा होतो आणि तो भरायला आमच्याकडे पैसे नाहीत. खरं तेच लिहिलं, विषय संपवायला लिहिलं. पण एका फॅननं सुचवलं की मग आपणच जमवूया. बाकीच्यांनी उचलून धरलं. बँडचं सुरुवातीचं म्हणणं होतं हे काही खरं नाही. फॅन्सनी थांबून परवानगी वगैरे मागितली नाही, त्यांच्यातल्याच एकानं वेगळं एस्क्रो खातं, म्हणजे काम होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे ठेवायचं खातं, उघडलं आणि लोक पैसे पाठवायला लागले.

जमले सुमारे ६०,००० डॉलर. आणि लक्षात घ्या, हे तिकिटाचे पैसे नव्हते. ज्यांनी दिले त्यांनी शोचं तिकीट पुन्हा वेगळं काढलं. काही जण तर दुसऱ्याच देशात राहणारे, ज्यांच्या गावात टूर येणारच नव्हती. टूर झाली, आणि बँडनं त्यातल्या रॉचेस्टरच्या शोची लाइव्ह सीडी काढून पैसे देणाऱ्यांना फुकट पाठवली.

मला या सगळ्यात ते खातं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पैसे बँडच्या हातात गेले नाहीत, तिसऱ्याकडे राहिले, आणि ते जमवणारा माणूस स्टेजखालचा होता. आपल्याकडे गणपतीची वर्गणी काढताना पावतीपुस्तक कुणाच्या हातात आहे यावर देणाऱ्याचा हात सैल किंवा आखडता होतो, तसंच. त्या मेलिंग लिस्टवर साधारण हजारभरच लोक होते. हजार लोकांमधून ६०,००० डॉलर निघाले हे बघून केलीच्या डोक्यात जे चक्र फिरायला लागलं ते थांबलं नाही.

पत्ते गोळा करणं

पुढची तीन वर्षं बाहेरून बघणाऱ्याला नुसती घसरण दिसली असती. 'धिस स्ट्रेंज एंजिन' २७ नंबर, १९९८ चा 'रेडिएशन' ३५, १९९९ चा 'मॅरिलियन डॉट कॉम' ५३. अल्बमचं नावच वेबसाइटचं, आणि ते उगाच नव्हतं. याच काळात ते एक काम चिकाटीनं करत होते, पत्ते गोळा करण्याचं. 'क्रॅश कोर्स' नावाची नमुन्याच्या गाण्यांची सीडी फुकट पाठवायची, त्या बदल्यात लोकांनी आपलं नाव आणि पत्ता द्यायचा. ईमेल असेल तर ईमेल. फुकट सीडी पाठवायला पोस्टाचा खर्च येतो, आणि हे पैसे नसलेल्या बँडनं केलं.

इथेच बहुतेक नक्कल करणारे चुकतात असं मला वाटतं. ते थेट मागण्यापासून सुरू करतात. यांनी आधी पत्ता विचारला, पैसे नंतर. लेबलचा करार संपला तेव्हा त्यांच्याकडे हिट गाणं नव्हतं, रेडिओ वाजवत नव्हता, पेपरवाले कुचेष्टा करायचे, पण हजारो लोकांना ते एका दुपारी थेट पत्र पाठवू शकत होते. ईएमआयकडे असताना, नंबर १ ला असताना, हे त्यांना जमलं नसतं.

न लिहिलेल्या अल्बमची विक्री

२००० साली कॅसलचा करार संपला. बाहेर ऑफर्स होत्या पण सगळ्या त्याच उचलीच्या. तेव्हा त्यांनी यादीतल्या लोकांना ईमेल केली आणि साधा प्रश्न विचारला: आम्ही नवा अल्बम करणार आहोत, अजून गाणी झालेली नाहीत, तुम्ही आधीच विकत घ्याल का? उत्तरांचा पूर आला, मग त्यांनी ऑर्डर उघडली, आणि १२,००० च्या वर लोकांनी पूर्ण पैसे आधी भरले.

आपल्याला प्रकाशनपूर्व सवलत माहीत आहे, पुस्तक छापायच्या आधी पैसे भरा आणि कमी किमतीत घ्या, मराठीत कितीतरी जाडजूड ग्रंथ असेच निघाले. पण तिथे हस्तलिखित तयार असतं, विषय माहीत असतो, आणि सवलत असते. इथे सवलत नव्हती, आणि अल्बमही नव्हता. लोकांनी विकत काय घेतलं तर या पाच माणसांना वर्षभर स्टुडिओत बसायची मोकळीक. डेव्ह मीगनला परत बोलावलं, तोच 'ब्रेव्ह'वाला.

मे २००१ मध्ये आला 'ॲनोरॅकनोफोबिया'. ॲनोरॅक म्हणजे टोपीचं जॅकेट, रेल्वे स्टेशनवर वहीत इंजिनांचे नंबर लिहीत उभे राहणारे लोक घालतात तसं, आणि इंग्लंडमध्ये एखाद्या गोष्टीचं वेड लागलेल्या माणसाला चिडवायचं तर ॲनोरॅक म्हणतात. कव्हरवर तेच टोपीवाले छोटे बुटके कार्टून. म्हणजे ज्या फॅन्सना जग हसत होतं त्यांनाच कव्हरवर उभं केलं. आणि बुकलेट उघडलं की आत नावं. ज्यांनी वेळेत पैसे भरले त्या सगळ्यांची नावं, बारीक टायपात, एकाला लागून एक, पानच्या पान. भिंग घेऊन आपलं नाव शोधावं लागेल इतकी दाट. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरतात तसं, फरक एवढाच की इथे सगळ्यांचा टाइप एकाच मापाचा.

अल्बमसोबत प्रेसला जे पत्रक गेलं त्यात समीक्षकांना आव्हान दिलं होतं की प्रोग्रेसिव्ह रॉक, जेनेसिस, फिश, डायनोसॉर, कॉन्सेप्ट अल्बम असले शब्द न वापरता परीक्षण लिहून दाखवा. वीस वर्षं साचलेला राग आहे तो, आणि मला तो रास्त वाटतो.

मग दुकानात पोचवायला कुणीतरी हवंच, तर त्यासाठी करार केला कुणाशी, ईएमआयशीच. पण आता हक्क बँडचे, रेकॉर्डिंगचे पैसे आधीच भागलेले, कंपनीकडे फक्त वितरण. ज्या कंपनीनं सहा वर्षांपूर्वी काढून टाकलं तिच्याच दारात परत गेले, पण या वेळी मागायला नाही.

'मार्बल्स', आणि मग एक सवय

२००४ चा 'मार्बल्स' याच पद्धतीचा, पण इथे त्यांनी आणखी एक गोष्ट केली. आगाऊ आलेल्या पैशांतून नुसतं रेकॉर्डिंग नाही तर जाहिरातीचा खर्चही काढायचा. ज्यांनी आधी पैसे भरले त्यांना दोन सीडींची, जाड पुस्तकासारखी आवृत्ती, त्यात परत नावं. आणि एप्रिलमध्ये 'यू'र गॉन' हे सिंगल आलं तेव्हा फॅन्सनी ठरवून पहिल्याच आठवड्यात घेतलं, एकाच गाण्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या घेतल्या, आणि ते ७ नंबरला गेलं. १९८७ नंतर पहिल्यांदा टॉप टेन. रेडिओवर जवळजवळ न वाजलेलं गाणं.

यावर आक्षेप घेतला जातो की ही खरी लोकप्रियता नाही, तेच तेच लोक दोन-दोन, तीन-तीन प्रती घेतात. आक्षेपात तथ्य आहे. पण लेबलवाले दुकानातल्या पुढच्या फळीची जागा मिळवतात, महिनोन्‌महिने रेडिओवाल्यांच्या मागे लागतात, आणि त्यातून आलेला नंबर खरा मानला जातो. इथे निदान प्रत्येक प्रतीमागे ती ऐकणारा माणूस होता.

२००२ पासून त्यांनी 'मॅरिलियन वीकेंड' सुरू केला, हॉलिडे कॅम्पमध्ये तीन दिवस, बँड रोज रात्री वेगळं वाजवणार, कधी एखादा जुना अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, लोक देशोदेशीचे. पुढे हे नेदरलँड्समध्ये, कॅनडात मॉन्ट्रियलला असं पसरत गेलं. टूरमध्ये बँड माणसांकडे जातो आणि खर्च वाढतो, इथे माणसं बँडकडे येतात. १९९७ च्या तोट्याच्या टूरला शोधलेलं हे दुसरं उत्तर, आणि याबद्दल क्राउडफंडिंगवाले लेख फारसं बोलत नाहीत.

२००८ मध्ये 'हॅपिनेस इज द रोड' आला तेव्हा फाइल शेअरिंगमुळे सगळी इंडस्ट्री पोलीस-कोर्ट करत होती. यांनी स्वतःच आपली गाणी त्या नेटवर्कवर सोडली, आणि डाउनलोड करणाऱ्याला बँडचा व्हिडिओ निरोप दिसायचा, की आवडलं असेल तर ईमेल द्या. परत तेच, आधी पत्ता.

हे कुठे लागू पडत नाही

मी या बँडवर प्रेम करतो म्हणून हे लिहायला हवंच. ते पहिले हजार लोक, ते १२,००० लोक आले कुठून? ईएमआयच्या पैशातून. १९८२ ते १९९५ ईएमआयनं अल्बम काढले, व्हिडिओ केले, टूरला भर घातली, 'केयली' जगभर पोचवलं, 'ब्रेव्ह' चालणार नाही हे दिसत असताना खर्च केला. लेबलनं वाईट वागवलं असं म्हणणं सोपं आहे, पण ज्या विहिरीवर पुढे यांनी मोट लावली ती लेबलनं खणलेली होती. अठरा वर्षांच्या चार पोरांनी काल बँड काढला आणि आज लोकांना आगाऊ पैसे मागितले तर ही पद्धत तशी चालत नाही, आणि त्यांना मॅरिलियनचं उदाहरण देणं म्हणजे फसवणूक आहे.

दुसरं, या पद्धतीत नवा माणूस येणं कठीण होतं. तुमच्या यादीतले लोक तुम्हाला पोसतात पण यादीबाहेर दार किती उघडतं? २००१ ते २०१२ त्यांचा ऐकणारा वर्ग फार वाढलाय असं चार्टवरून तरी दिसत नाही, २००७ चा 'समव्हेअर एल्स' २४ ला होता.

आणि फिशचीही बाजू बघावी. तो एकटा निघाला, ईएमआयशी कोर्टकचेरी झाली, त्यात खूप पैसे गेले, आणि शेवटी तोही त्याच वाटेवर आला, २०२० चा 'वेल्टश्मेर्त्स' त्यानं स्वतःच काढला आणि स्वतःच विकला. भांडून वेगळे झालेले दोघे, दोघांचंही उत्तर शेवटी एकच निघालं.

नंतरची वर्षं

२०१५ मध्ये त्यांनी पुढच्या अल्बमसाठी प्लेजम्युझिक या कंपनीचं व्यासपीठ घेतलं, तोवर अशा कंपन्यांचा धंदाच उभा राहिला होता. २०१६ मध्ये आलेला तो अल्बम, 'फिअर' या नावानं ओळखतात, ४ नंबरला गेला, १९८७ नंतरचा सगळ्यात वरचा. पैसा, सत्ता, निर्वासित, आपल्याच देशाबद्दलची लाज असे विषय, लांबलचक गाणी, सिंगल म्हणून काढावं असं एकही नाही. २०१७ मध्ये ते पहिल्यांदा लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाजले.

प्लेजम्युझिक २०१९ मध्ये बुडाली. लोकांनी दिलेले पैसे कंपनीकडेच अडकले आणि कितीतरी छोट्या कलाकारांना ते कधी मिळालेच नाहीत, अल्बमची वाट बघणारे फॅन आणि पैशाची वाट बघणारा कलाकार दोघेही रिकामे. मॅरिलियनचा हिशेब तोवर मिटलेला होता म्हणून ते वाचले. पण ती बातमी वाचताना मला १९९७ चं ते एस्क्रो खातं आठवलं. तिसऱ्याकडे पैसे ठेवायचे म्हणजे तो तिसरा कोण हे बघायला लागतं, तेव्हा तो फॅन्समधलाच एक होता आणि हिशेब सगळ्यांसमोर होता, इथे तो तिसरा म्हणजे पैसे फिरवणारी कंपनी होती.

मग कोविड आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटनची टूर ठरली, पण कुणाला एकाला जरी लागण झाली तर शो रद्द, आणि कोविडचा विमा मिळत नव्हता. बस, लाइट, क्रू यांचे पैसे तर आधीच बांधलेले, टूर कोसळली तर दीड लाख पौंडांच्या वर खड्डा पडणार होता. तर त्यांनी 'लाइटसेव्हर' नावाची योजना काढली. फॅन्सनी रक्कम द्यायची, ती एस्क्रोमध्ये राहणार. टूर कोविडमुळे बंद पडली तर त्यातून क्रूचे आणि बाकीचे पैसे भागवायचे, टूर पार पडली तर ज्याचे त्याला परत. म्हणजे विमा कंपनीनं नाकारलेला विमा फॅन्सनी उतरवला.

टूर पार पडली. पुढच्या मार्चमध्ये 'ॲन अवर बिफोर इट्स डार्क' आला आणि २ नंबरला गेला, बँड सुरू होऊन तेव्हा त्रेचाळीस वर्षं होत होती, आणि रॉदरी, केली, ट्रेवावस, मोझली, हॉगार्थ, म्हणजे १९८९ मध्ये बादलीभोवती जमलेलेच पाच जण त्यावर वाजवत होते.